अठ्ठ्याहत्तर प्रश्न: युरोपीय फौजदारी कायद्याच्या लीगल क्लिनिकमधलं एक प्रकरण

ब्रेमेन हे उत्तर जर्मनीतलं बंदराचं शहर. युरोपीय फौजदारी कायदा शिकणाऱ्याला या शहराचं नाव चुकवता येत नाही. तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा एकच पेच ठेवला: दुसऱ्या सदस्य देशाने अटक वॉरंट पाठवलं आहे, कागदपत्रं चोख आहेत, पण त्या देशातले तुरुंग माणूस ठेवण्याच्या लायकीचे नाहीत अशी रास्त शंका आहे. मग त्या माणसाला ताब्यात द्यायचं की नाही?

मी पुण्यात एलएल.बी. केलं, पुढे जर्मनीत फौजदारी कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि आता तिथल्याच एका विद्यापीठाच्या लीगल क्लिनिकमध्ये, म्हणजे विद्यार्थी वकिलाच्या देखरेखीखाली विनामूल्य कायदेशीर मदत करतात अशा केंद्रात, विद्यार्थ्यांच्या गटांना मार्गदर्शन करते. आमच्याकडे येणाऱ्या खऱ्या अशिलांबद्दल मला इथे काही लिहिता येणार नाही, ती गोपनीयता पाळावीच लागते. पण खरी फाइल हातात देण्याआधी प्रत्येक गटाकडून आम्ही एक निकाली निघालेलं प्रकरण पहिल्या पानापासून करून घेतो. ते प्रकरण म्हणजे 25 जुलै 2018 चा ‘एमएल’ निकाल, खटला क्रमांक सी-220/18 पीपीयू (‘पीपीयू’ म्हणजे तातडीच्या प्रक्रियेतला खटला). अशिलाचं नाव न्यायालयाने आद्याक्षरांनीच छापलेलं आहे. माझ्या मते युरोपीय फौजदारी कायद्यात वकिलाला नेमकं काय यायला हवं, ते या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

युरोपीय संघात एका देशाने दुसऱ्या देशाकडे आरोपी किंवा कैदी मागायचा, तर पूर्वीसारखी मंत्रालयांमधून फिरणारी प्रत्यार्पणाची प्रक्रिया आता नाही. 13 जून 2002 च्या चौकट निर्णयाने, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधून घेणाऱ्या संघाच्या कायद्याने, युरोपीय अटक वॉरंट आणलं आणि 1 जानेवारी 2004 पासून ते लागू झालं. एका देशातलं न्यायालय ठरलेल्या नमुन्यातला अर्ज भरतं, दुसऱ्या देशातलं न्यायालय तो तपासतं आणि माणूस ताब्यात देतं. 32 प्रकारच्या गुन्ह्यांत, शिक्षेची कमाल मर्यादा किमान 3 वर्षांची असेल, तर ‘आमच्याकडे हा गुन्हा आहे का’ हेही विचारायचं नसतं. माणसाची संमती असेल तर 10 दिवसांत आणि नसेल तर 60 दिवसांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा असते. या सगळ्याचा पाया एकच: सदस्य देशांनी एकमेकांच्या न्यायव्यवस्थेवर विश्वास ठेवायचा.

तुरुंगांच्या प्रश्नावर हा विश्वास डळमळला. हंगेरीतल्या तुरुंगांमध्ये इतकी गर्दी होती की स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 10 मार्च 2015 रोजी ‘वार्गा आणि इतर’ या प्रकरणात हा व्यवस्थेतलाच दोष असल्याचं सांगून पथदर्शी निकाल, म्हणजे तशा सगळ्या तक्रारींना लागू पडेल असा निकाल, दिला. पाठोपाठ ब्रेमेनच्या न्यायालयापुढे दोन वॉरंट आली, एक हंगेरीचं आणि एक रोमानियाचं. त्यातून 5 एप्रिल 2016 रोजी लक्झेंबर्गचा ‘अरान्योशी आणि कालदारारू’ निकाल आला. त्यात दोन पायऱ्या सांगितल्या. पहिली: त्या देशातल्या तुरुंगांत सर्वसाधारणपणे गंभीर दोष आहेत याची वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह, नेमकी आणि ताजी माहिती आहे का? दुसरी: असेल, तर *या* माणसाला *तिथे* पाठवल्यावर अमानुष वागणुकीचा खरा धोका आहे का? दुसऱ्या पायरीसाठी चौकट निर्णयाच्या कलम 15(2) खाली वॉरंट काढणाऱ्या देशाकडे जादा माहिती मागायची. धोका टळल्याचं ठराविक वाजवी मुदतीत दिसलं नाही, तर ताबा देण्याची प्रक्रियाच संपवायची की नाही ते न्यायालयाने ठरवायचं.

पाठ्यपुस्तकं साधारण इथे थांबतात. पण वकिलाचं काम इथूनच सुरू होतं. जादा माहिती मागायची, हे झालं. नेमकं काय मागायचं?

फाइल

एमएल हंगेरीचा नागरिक. 2016 मध्ये न्यिरेज्हाझा शहरात केलेली मारहाण, नुकसान, फसवणूक आणि चोरी या गुन्ह्यांसाठी त्याला 1 वर्ष 8 महिन्यांची शिक्षा झाली होती. ती भोगायला त्याला परत पाठवा, असं वॉरंट 31 ऑक्टोबर 2017 रोजी निघालं. नोव्हेंबर 2017 पासून तो जर्मनीत अटकेत होता. हंगेरीच्या न्याय मंत्रालयाने कळवलं होतं की त्याला आधी बुडापेस्टच्या तुरुंगात सुमारे 3 आठवडे ठेवतील आणि हस्तांतरणाचे सोपस्कार झाले की सोम्बातहेयच्या तुरुंगात हलवतील. शिवाय त्याला अमानुष किंवा अपमानास्पद वागणूक मिळणार नाही, अशी एक सर्वसाधारण हमीही दिली होती.

विद्यार्थ्यांना आम्ही ही फाइल देतो तेव्हा निकालाची प्रत देत नाही. वॉरंटचा नमुना, हंगेरीचं पत्र, स्ट्रासबर्गचे निकाल आणि युरोप परिषदेच्या छळप्रतिबंधक समितीची मानकं, एवढंच हातात ठेवतो. वॉरंटच्या नमुन्यात ‘ए’पासून ‘आय’पर्यंत चौकटी असतात. मुलं आधी ‘ई’ चौकट उघडतात, कारण तिथे गुन्हा लिहिलेला असतो आणि त्यांना गुन्ह्याविषयीच शिकवलेलं असतं. आम्ही त्यांना ‘सी’ आणि ‘डी’ चौकटींकडे वळवतो. ‘सी’मध्ये किती शिक्षा भोगायची राहिली आहे ते असतं आणि ‘डी’मध्ये निकाल लागला तेव्हा माणूस हजर होता की नव्हता ते. शिक्षा भोगण्यासाठी काढलेल्या वॉरंटात बचावाच्या निम्म्या वाटा या दोन चौकटींमधूनच निघतात.

मग गट पाडतो. एक गट ब्रेमेनमध्ये एमएलची बाजू मांडणारा. दुसरा गट ब्रेमेनचं न्यायालय. तिसरा गट हंगेरीतला, म्हणजे ज्यांच्याकडे पत्र येणार आणि ज्यांना उत्तर द्यायचं आहे ते लोक. तिसऱ्या गटात कोणालाच जायचं नसतं. सगळ्यांना कैद्याचा वकील व्हायचं असतं. पण माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त शिकतो तो तिसरा गटच.

खोली मोजायची कशी

पहिलं काम गणिताचं. स्ट्रासबर्गच्या महाखंडपीठाने 20 ऑक्टोबर 2016 रोजी ‘मुर्शिच विरुद्ध क्रोएशिया’ या निकालात मोजपट्टी घालून दिली. सामायिक खोलीत दर माणसी 3 चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल, तर छळ आणि अमानुष वागणुकीला मनाई करणाऱ्या, युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम 3 चा भंग झाल्याचं जोरदार गृहीतक उभं राहतं. ते मोडून काढण्याचा भार सरकारवर असतो. त्यासाठी जागेची कपात थोडक्या काळापुरती, प्रासंगिक आणि किरकोळ होती, कैद्याला खोलीबाहेर पुरेसं फिरता येत होतं आणि एकंदर तुरुंग ठीकठाक होता, हे सगळं एकत्र दाखवावं लागतं. जागा 3 ते 4 चौरस मीटरच्या दरम्यान असेल तर उजेड, हवा, शौचालयाचा आडोसा अशा बाकीच्या गोष्टींसोबत तिचं वजन करायचं. छळप्रतिबंधक समिती मात्र सामायिक खोलीत दर माणसी 4 चौरस मीटरचा आग्रह धरते. न्यायालयाची किमान रेषा आणि समितीची अपेक्षा यांची मुलं सर्रास गल्लत करतात.

कागदावर हे सोपं वाटतं, म्हणून एक सरावाचं उदाहरण देतो. खोली साडेचार मीटर लांब, 4 मीटर रुंद. आत 6 माणसं. कोपऱ्यात भिंत घातलेलं शौचालय, दीड मीटर बाय 1 मीटर 20 सेंटिमीटर. पत्रात लिहिलंय: ‘दर कैद्यामागे 3 चौरस मीटर जागा उपलब्ध आहे.’

18 भागिले 6, बरोबर 3. बहुतेक जण इथे पेन खाली ठेवतात. पण शौचालयाची जागा धरायची नसते. ते 1.8 चौरस मीटर वजा केले की उरतात 16.2, आणि दर माणसी 2.7. म्हणजे पत्रातला आकडा खरा आहे, तरीही खोली रेषेखाली जाते. खाटा, टेबल, कपाट यांची जागा मात्र वजा करायची नाही. फक्त त्या सामानामधून माणसाला नीट हालचाल करता आली पाहिजे. लक्झेंबर्गच्या महाखंडपीठाने हीच पद्धत 15 ऑक्टोबर 2019 च्या ‘दोरोबांतू’ निकालात उचलून धरली. त्या खटल्यात वॉरंट रोमानियाचं होतं आणि प्रश्न विचारणारं न्यायालय हाम्बुर्गचं.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केला की विद्यार्थी पुन्हा कधी ‘दर कैद्यामागे जागा’ एवढ्यावर समाधान मानत नाहीत. ‘शौचालय धरून की वगळून?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडी बसतो. मला वाटतं, मूटकोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या न्यायालयाच्या, दहा फेऱ्यांनीही हे साधत नाही. मूटकोर्टमध्ये तथ्यं दिलेली असतात, ठरलेली असतात, त्यांच्यावर फक्त युक्तिवाद करायचा असतो. या खटल्यांत मात्र सगळा निकाल तथ्यांवर फिरतो, आणि ती तथ्यं दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या, वेगळ्या सरकारी खात्याच्या कपाटात असतात.

प्रश्नांची यादी

आता खरं काम. कलम 15(2) खाली पाठवायचं पत्र तयार करा.

बचाव गट आणि न्यायालय गट दोघेही उत्साहाने यादी करायला बसतात. प्रत्येक जण पाच-सहा प्रश्न सुचवतो, कुणीच कुणाचं खोडत नाही, आणि यादी फुगत जाते. जेवण कसं असतं? डॉक्टर कधी येतो? घरच्यांची भेट किती वेळा? नोकरी मिळते का? ग्रंथालय आहे का? प्रत्येक प्रश्नामागे सद्भावना असते. माणसाला तुरुंगात पाठवायचंय, तर सगळंच विचारून घेऊ.

खऱ्या प्रकरणात ब्रेमेनकडून नेमकं हेच झालं होतं. हंगेरीकडे गेलेल्या विचारणेत 78 प्रश्न होते. त्यात प्रार्थनेची सोय आहे का, धूम्रपान करता येतं का, कपडे धुण्याची व्यवस्था काय, खोलीच्या खिडक्यांना गज आहेत की झडपा, असेही प्रश्न होते. प्रश्न बुडापेस्टपुरते नव्हते. त्याला पुढेमागे ज्या ज्या तुरुंगात ठेवलं जाऊ शकेल त्या सगळ्यांबद्दल होते.

यादी तयार झाली की आम्ही ती तिसऱ्या गटाच्या हवाली करतो आणि त्यांना दीड तास देतो. सोबत हंगेरीतल्या तुरुंगांबद्दल जेवढी माहिती सार्वजनिक आहे तेवढीच. ते उत्तरं लिहायला बसतात आणि काही वेळात त्यांच्यात एक वृत्ती शिरते, जी कुठल्याही सरकारी कार्यालयात काम केलेल्याला ओळखीची आहे. 78 प्रश्नांना नीट उत्तर देणं अशक्य आहे हे कळताच ते मोघम लिहायला लागतात. ‘लागू नियमांनुसार व्यवस्था आहे.’ ‘आवश्यकतेप्रमाणे उपलब्ध करून दिलं जातं.’ जो एक प्रश्न कैद्याच्या जिवावरचा होता, म्हणजे बुडापेस्टच्या खोलीत किती माणसं, त्यालाही त्याच सुरात उत्तर मिळतं. 78 मध्ये तो बुडून गेलेला असतो, वेगळा उठून दिसत नाही.

मग उत्तरपत्रिका पहिल्या दोन गटांना परत देतो. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला कुठल्याही व्याख्यानातून घडवता आलं नसतं. आपणच विचारलं आणि आपल्याच हाती काही लागलं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

यानंतर त्यांना पुन्हा लिहायला लावतो. अट एकच: उत्तर देणाऱ्याला आकडा, तारीख किंवा ‘हो-नाही’ यातलंच काहीतरी लिहिता आलं पाहिजे, आणि त्या उत्तराने निकाल बदलण्याची शक्यता असली पाहिजे. दोन्ही कसोट्यांना न उतरणारा प्रश्न काढून टाकायचा. एका गटाने शेवटी असं पत्र लिहिलं होतं, मला ते अजून आठवतं. बुडापेस्टमध्ये त्याला ज्या विभागात ठेवणार त्या विभागातल्या खोल्यांचं शौचालय वगळून क्षेत्रफळ किती आणि एका खोलीत जास्तीत जास्त किती जण? खोलीबाहेर दिवसाला किती तास? 3 आठवड्यांची मुदत कोणत्या कारणाने वाढू शकते, आणि वाढलीच तर कुठपर्यंत? सोम्बातहेयमध्ये हेच तपशील काय? तिथून त्याला आणखी कुठे हलवण्याचं सध्या ठरलेलं आहे का? संपूर्ण पत्र एका पानात मावलं. ‘माणुसकीची वागणूक मिळते का’ हा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला, कारण त्याचं उत्तर आधीच ठाऊक होतं.

लक्झेंबर्गने काय म्हटलं

इथे येऊन आम्ही निकालाची प्रत वाटतो. आता ती वाचताना मुलांना प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे ते माहीत असतं.

ज्या तुरुंगांत माणसाला ठेवण्याचं प्रत्यक्ष ठरलेलं आहे, मग ते तात्पुरतं का असेना, तेवढेच तुरुंग वॉरंट अंमलात आणणाऱ्या न्यायालयाने तपासायचे. पुढे कधीतरी जिथे हलवलं जाईल अशा प्रत्येक तुरुंगाचा शोध घेणं त्याचं काम नाही. त्यासाठी हंगेरीची न्यायालयं आहेत. 78 प्रश्नांबद्दल न्यायालय स्पष्ट बोललं: प्रश्नांची संख्या, त्यांची व्याप्ती आणि त्यातला मजकूर पाहता उपयोगी उत्तर देणं व्यवहारात अशक्य आहे. अशा विचारणेने वॉरंटची सगळी व्यवस्थाच ठप्प होऊ शकते, आणि सदस्य देशांनी एकमेकांशी प्रामाणिक सहकार्य करायचं या तत्त्वात ती बसत नाही.

मुलं इथे थोडी हिरमुसतात. न्यायालयाने कैद्याची बाजू सोडली, असं त्यांना वाटतं. म्हणून निकालाचा दुसरा भाग तितक्याच बारकाईने वाचायला लावते. हंगेरीने 2017 पासून तुरुंगातल्या परिस्थितीविरुद्ध दाद मागण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध करून दिला होता. न्यायालय म्हणालं, असा मार्ग असला म्हणजे धोका आपोआप संपला असं होत नाही. बुडापेस्टचा मुक्काम 3 आठवड्यांचाच आहे, हा युक्तिवादही पुरेसा ठरला नाही. जागा 3 चौरस मीटरहून कमी असेल तर काही दिवस चालून जातील, पण सुमारे 20 दिवसांचा काळ, आणि तोही लांबू शकणारा, थोडका म्हणता येणार नाही. बचाव गटातले निम्मे जण बुडापेस्टला ‘वाटेतला मुक्काम’ म्हणून सोडून देतात आणि सगळा जोर सोम्बातहेयवर लावतात. त्यांना हा परिच्छेद दोनदा वाचायला सांगते. ‘मुर्शिच’मध्येही भंग ठरला तो बेलोवार तुरुंगातल्या सलग 27 दिवसांपुरताच. बाकी काळाबद्दलचे दावे टिकले नाहीत.

हमीचंही तसंच. मंत्रालयाने दिलेली हमी विचारात घ्यायची, पण ती न्यायालयाने दिलेली नाही हे लक्षात ठेवून, हाताशी असलेल्या बाकी माहितीसोबत तोलायची.

घड्याळ

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट निकालात नाही, तारखांत आहे. एमएल नोव्हेंबर 2017 पासून अटकेत. ब्रेमेनने प्रश्न लक्झेंबर्गला पाठवला मार्च 2018 मध्ये. अटकेतल्या माणसासाठी असलेल्या तातडीच्या प्रक्रियेत निकाल आला जुलै 2018 मध्ये. म्हणजे 20 महिन्यांच्या शिक्षेपैकी 8 महिने, हा वाद कायद्याच्या पातळीवर सुटेपर्यंतच गेले. चौकट निर्णयाच्या कलम 26 प्रमाणे ही अटक मूळ शिक्षेतून वजा होते, त्यामुळे ते दिवस वाया गेले असं नाही. पण उत्तर यायला आणखी उशीर झाला असता, तर हंगेरीच्या तुरुंगात कोण, किती काळ, कसा राहणार हा प्रश्नच उरला नसता.

2016 च्या अरान्योशीच्या बाबतीत असंच घडलं. पहिल्या निकालानंतर ब्रेमेनने पुन्हा लक्झेंबर्गला प्रश्न पाठवले, पण दरम्यान हंगेरीने वॉरंटच मागे घेतलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायालयाने ‘आता निर्णय देण्याचं कारण उरलेलं नाही’ असा आदेश काढला. विद्यार्थी याला ‘खटला सुटला’ म्हणतात. मी त्यांना विचारते, अशिलाच्या आयुष्यातली ती वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची?

म्हणून आमच्या क्लिनिकमध्ये प्रत्येक मसुद्याला मुदत असते आणि ती मोडलेली चालत नाही. इतर विषयांच्या क्लिनिकमध्ये, समजा भाडेकरूंच्या किंवा ग्राहकांच्या तक्रारींमध्ये, थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं. इथे पत्र आठवडाभर पडून राहिलं तर तो आठवडा कुणीतरी कोठडीत काढलेला असतो.

विद्यार्थ्यांनी किती करायचं

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचं उत्तर देशागणिक बदलतं. जर्मनीत 2008 मध्ये लागू झालेल्या कायदेविषयक सेवांच्या कायद्याच्या कलम 6 ने, पात्र वकिलाच्या देखरेखीखाली विनामूल्य सल्ला देण्याची मुभा दिली, आणि त्यानंतर तिथे विद्यार्थ्यांची क्लिनिकं भराभर उभी राहिली. पोलंड याबाबतीत आधीच पुढे होता. क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठात 1997 मध्ये क्लिनिक सुरू झालं होतं. तरीही अटक वॉरंटच्या प्रकरणात न्यायालयापुढे उभं राहणं वकिलाचंच काम. विद्यार्थी माहिती शोधतात, हिशेब करतात, मसुदे लिहितात आणि अशिलाला वकिलाच्या उपस्थितीत समजावून सांगतात.

माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा उपयोग दुसऱ्या टोकाला आहे. युरोपीय संघाच्या 2013 च्या वकिलाच्या हक्काविषयीच्या निर्देशाच्या कलम 10 ने, वॉरंटखाली अटक झालेल्या माणसाला वॉरंट *काढणाऱ्या* देशातही वकील नेमण्याचा हक्क दिला. 2016 च्या कायदेशीर मदतीच्या निर्देशाने सरकारी खर्चाने वकील मिळण्याची तरतूद जोडली. कागदावर हे उत्तम आहे. पण ब्रेमेनच्या कोठडीत बसलेल्या माणसाला हंगेरीतला वकील शोधून कोण देणार, आणि तो वकील दोन-तीन दिवसांत बुडापेस्टच्या खोलीचा आकडा आणणार कसा? इथे दोन देशांतली क्लिनिकं जोडीने काम करू शकतात. एका टोकाला प्रश्न नेमका करायचा, दुसऱ्या टोकाला स्थानिक भाषेतले अहवाल, जुने आदेश, तुरुंगाची प्रसिद्ध आकडेवारी वाचून उत्तराची पडताळणी करायची. भाषांतराचा वेळ वाचतो, आणि पत्रातली मोघम भाषा त्या भाषेच्या माणसाला पटकन ओळखू येते.

आर्थर रोड

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटण्याचं कारण नाही. ही मोजपट्टी मुंबईपर्यंत पोचलेली आहे. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने आर्थर रोड कारागृहातल्या 12 नंबरच्या बॅरेकचं चित्रीकरण मागवून पाहिलं आणि 10 डिसेंबर 2018 रोजी प्रत्यार्पणाला अनुकूल निर्णय दिला. मेहुल चोक्सीला एप्रिल 2025 मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली. त्या प्रकरणात भारताच्या गृह मंत्रालयाने लेखी हमी दिली की त्याला त्याच 12 नंबरच्या बॅरेकमध्ये ठेवण्यात येईल आणि किमान 3 चौरस मीटर वैयक्तिक जागा मिळेल. 3 चौरस मीटर हा आकडा ‘मुर्शिच’चा. भारत युरोपीय अटक वॉरंटच्या व्यवस्थेत नाही, तिथे प्रत्यार्पणाचा करार लागतो. पण बेल्जियमच्या न्यायालयावर मानवी हक्क कराराचं कलम 3 बंधनकारक आहे, म्हणून मोजमाप तेच. ऑक्टोबर 2025 मध्ये अँटवर्पच्या अपील न्यायालयाने प्रत्यार्पणाच्या बाजूने निर्णय दिला आणि डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची दाद फेटाळली.

ही नावं बड्या आर्थिक गुन्ह्यांतल्या आरोपींची आहेत, त्यांच्यामागे महागड्या वकिलांच्या फौजा आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणाला कळवळा वाटावा असं माझं म्हणणं नाही. माझं लक्ष त्याच कारागृहातल्या बाकीच्या बॅरेकींकडे जातं. 12 नंबरसाठी जी खोली मोजली गेली, आकडा लिहून दिला गेला, तसा आकडा शेजारच्या बॅरेकींसाठी कुणी परदेशी न्यायाधीश मागणार नाही. तो मागायचा तर इथूनच मागावा लागेल.

आपल्याकडे त्यासाठी कायद्याचा आधार आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 4 मध्ये, विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांमध्ये विधी सेवा केंद्रं उभी करायला प्रोत्साहन देण्याचं काम राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपवलेलं आहे. अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी जिल्हा प्राधिकरणाबरोबर कारागृहात जातात, जामिनाचे अर्ज लिहून देतात, ज्यांना वकील नाही त्यांची नावं काढतात. हे काम मोलाचं आहे आणि ते चालू राहिलंच पाहिजे. त्याच्या जोडीला मी एवढंच सुचवेन की पुढच्या भेटीत एका गटाने जागेचा प्रश्न घ्यावा: या विभागातल्या खोलीचं शौचालय वगळून क्षेत्रफळ किती, आज रात्री आत किती माणसं झोपणार, आणि ती दिवसातले किती तास बाहेर असतात. अधीक्षकांकडे पत्र द्यायचं, एका पानाचं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा, त्यात 30 दिवसांची मुदत आहे. आलेला आकडा जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे नेऊन द्यायचा, कारण उच्च न्यायालयात कारागृहांच्या गर्दीचा विषय निघतो तेव्हा तिथे असाच आकडा लागतो.